बंद पडलेली येझदी पुन्हा रस्त्यावर आणताना

जिन्याखाली किंवा वाड्याच्या पडवीत दहा-पंधरा वर्षं उभी असलेली जावा, येझदी मोटारसायकल हाती आली की पहिला मोह किक मारून बघण्याचा होतो. तो आवरा. इतक्या वर्षांत सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा पातळ थर बसलेला असतो आणि पिस्टनच्या रिंगा त्याला चिकटलेल्या असतात. जोरात किक बसली की रिंग तुटते, तिचा तुकडा पोर्टमध्ये अडकतो आणि पाचशे रुपयांत झालं असतं ते काम बोअरिंगवर, म्हणजे सिलिंडर घासून मोठा करण्यावर, जातं.

स्पार्क प्लग काढा. त्या भोकातून निम्मं डिझेल, निम्मं टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल असं 20-25 मिली मिश्रण आत सोडा आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी डबल स्टँडवर घ्या, टॉप गिअर टाका आणि मागचं चाक हाताने किंचित पुढे-मागे हलवा. पिस्टन सुटला तर चाक फिरताना जाणवतंच. नाही सुटला तर पुन्हा ऑइल टाका, पुन्हा एक रात्र थांबा. तीन-चार दिवसांतही हलला नाही तर हेड उघडायचं. हातोडा, पाइपचा दांडा असले प्रकार नकोत.

या गाडीचं सगळं कशावर चालतं तेवढं आधी समजून घेतलं तर पुढच्या निम्म्या चुका टळतात. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून 1996 पर्यंत बाहेर पडलेल्या 250 सीसीच्या या गाड्या म्हणजे टू-स्ट्रोक, एक सिलिंडर आणि दोन सायलेंसर. बोअर 65 मिमी, स्ट्रोक 75 मिमी. इंजिनाला वेगळी ऑइलची टाकी नाही की ऑइल पंप नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल क्रँककेसमधून जाताना बेअरिंगला आणि पिस्टनला वंगण देतं. शिवाय मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि मग वर ढकललं जातं, म्हणजे क्रँककेस हवाबंद असलीच पाहिजे. ऑइल कमी पडलं किंवा चुकीच्या जागेहून हवा शिरली, की पिस्टन पकडलाच, म्हणजे सिलिंडरमध्ये घट्ट अडकलाच. येझदीच्या तक्रारी खोदत गेलं की बहुतेक वेळा या दोनांपैकीच एक हाती लागतं.

टाकी आणि पेट्रोल

जुनं पेट्रोल पूर्ण काढून टाका. त्याला वॉर्निशसारखा आंबट वास येत असतो. टाकीत टॉर्च मारून बघा. तांबूस भुकटी दिसली तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक काढून भोक बुचाने बंद करा, टाकीत मूठभर नट किंवा सायकलची जुनी चेन टाका आणि साधं पांढरं व्हिनेगर काठोकाठ भरून एक-दोन दिवस ठेवा. अधूनमधून हलवत राहा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि लगेच आतून टू-टी ऑइल फिरवा. वाळलेली टाकी दोन तास तशीच ठेवली तर नवा गंज धरते. भोकं पडलेली टाकी झाळून घ्यायची असेल तर आधी पाण्याने भरून, धुऊन, पेट्रोलचा वास पूर्ण गेल्याची खात्री केल्याशिवाय वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफच फुटते.

आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. या गाड्या त्यासाठी बनलेल्या नाहीत. कॉकचं सील, जुनी रबरी नळी आणि टाकीच्या आतला लेप, तिन्हींना ते खातं. नळी इथेनॉल सोसणारी बसवा, कॉकची सील बदलून घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं; पाणी फार झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं आणि कार्बोरेटरमध्ये आधी तेच येतं. म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करा. मिश्रण थोडं लीनही होतं, म्हणजे हवेच्या मानाने त्यात पेट्रोल कमी पडतं. कार्बोरेटरची सुई एक खाच वर घ्या, मग प्लगचा रंग बघून ठरवा.

ऑइलचं प्रमाण साधं आहे: 1 लिटर पेट्रोलला 40 मिली, म्हणजे 1:25. नवीन पिस्टन बसवला असेल तर पहिले 500 किमी 50 मिली. जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित, असं समजून 70-80 मिली टाकणारे बरेच आहेत. त्याने प्लग काळा पडतो, सायलेंसर कार्बनने भरतो आणि पेट्रोलचा वाटा घटल्याने मिश्रण उलट लीन होतं.

मिसळण्याचीही पद्धत आहे. शक्यतो कॅनमध्ये मिसळून मगच टाकीत ओता. पंपावर थेट भरायचं असेल तर आधी कॉक बंद करा, मग मोजून ऑइल ओता आणि त्यावर पेट्रोल घ्या, म्हणजे धारेने ते घुसळलं जातं. कॉक उघडा राहिला तर घट्ट ऑइल तळाशी बसून तसंच नळीत उतरतं आणि गाडी पंपावरच बंद पडते. टाकीचं झाकण लावून गाडी डावी-उजवी हलवली की झालं.

कार्बोरेटर आणि स्पार्क

कार्बोरेटर पूर्ण उघडा. पायलट जेटचं भोक डोळ्याला जेमतेम दिसतं. ते तारेने उकरू नका, भोक मोठं होतं. थिनरमध्ये भिजवा आणि हवेच्या दाबाने साफ करा. फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलंय का ते कानाशी हलवून बघा. इनलेटच्या फ्लँजची पितळी किंवा अॅल्युमिनियमची कड वाकडी झालेली असते, कारण प्रत्येक जण नट आवळत आलेला असतो. काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून ती घासून सपाट करा आणि नवी गॅस्केट लावा. इंजिन सुरू झाल्यावर या जोडावर साबणाचं पाणी ब्रशने लावा. आयडलिंग बदललं तर तिथून हवा ओढतेय.

पॉइंट म्हणजे उघडझाप करून प्लगची ठिणगी पाडणारे विजेचे संपर्क. त्यांच्यातलं अंतर पूर्ण उघडल्यावर 0.4 मिमी, फिलर गेजने. प्लगचं 0.6 मिमी. प्लगची चुडी (आटे) जुन्या प्लगइतक्याच लांबीची हवी; लांब चुडीचा प्लग पिस्टनवर आपटतो. टायमिंगसाठी, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते ठरवण्यासाठी, प्लगच्या भोकातून डायल गेज किंवा व्हर्नियरची दांडी उतरवा. पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी साधारण 3 मिमी असताना पॉइंट उघडायला हवेत. नेमका आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. पॉइंट कधी उघडले हे कळण्यासाठी जुन्या मिस्त्रींची युक्ती आजही सरस: सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमध्ये धरा, हलका ओढत क्रँक सावकाश फिरवा. ज्या क्षणी कागद सुटतो तो क्षण टायमिंगचा.

पॉइंटवर निळसर मोठी ठिणगी दिसत असेल आणि ते दर आठवड्याला जळत असतील तर दोष कंडेन्सरचा, म्हणजे पॉइंटवरची ठिणगी दाबणाऱ्या भागाचा. थंड असताना उत्तम चालते, दहा-पंधरा किलोमीटरवर अचानक बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते, ही कंडेन्सरची किंवा कॉइलची खूण आहे. लोक अशा वेळी कार्बोरेटर चौथ्यांदा उघडतात.

ऑइल सील: इथे वेळ घालवा

क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की रबर लाकडासारखं कडक होतं. डावीकडचं सील गेलं तर इंजिन क्लचच्या बाजूचं गिअर ऑइल आत ओढतं. पांढऱ्या धुराचा ढग होतो, प्लग ओला निघतो आणि गिअरबॉक्समधलं ऑइल गळती न दिसता कमी होत जातं. यात गाडी मरत नाही, त्रास देते. उजवीकडचं, म्हणजे डायनामोच्या बाजूचं सील जास्त घातक. तिथून ऑइल येत नाही, कोरडी हवा येते. अॅक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम खाली यायला वेळ लागतो, इंजिन अकारण चढतं, प्लग पांढराफटक पडतो आणि एखाद्या चढावर पिस्टन पकडतो. धूर नाही म्हणजे इंजिन निरोगी, असा समज इथे महागात पडतो.

गाडी बरीच वर्षं बंद होती तर दोन्ही सील बदलाच, चालतात का हे पाहत बसू नका. सीलची स्प्रिंग असलेली बाजू क्रँककेसकडे हवी. शाफ्टवर जिथे सील घासतं तिथे नखाला लागेल अशी खाच पडली असेल तर नवीन सीलही फार टिकणार नाही. सुटे भाग पुण्यात नाना पेठेत शोधले तर बरेच सापडतात, पण सील हातात घेऊन ओठ मऊ आहे का ते दाबून बघा. जुन्या साठ्यातलं 'ओरिजिनल' सील गाडीतल्या सीलइतकंच म्हातारं असू शकतं.

गिअरबॉक्समध्ये साधं 20डब्ल्यू-40 ऑइल, मॅन्युअलमधल्या मापाने. मोटारीचं आधुनिक निसरडं ऑइल नको, क्लच प्लेटा घसरतात. या गाडीचा क्लच गिअरच्या दांडीनेही सुटतो, हात न लावता गिअर पडतो, ही तिची मोठी मजा. त्यामुळेच चालवताना पाय दांडीवर टेकवून ठेवण्याची सवय सोडा. पायाच्या वजनाने क्लच अर्धवट सुटलेला राहतो आणि प्लेटा जळतात.

सायलेंसरच्या आतल्या बॅफल नळ्या बाहेर काढा. भोकं कार्बनने बुजलेली असतील तर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवा. हातमोजे आणि चष्मा घालूनच, आणि अॅल्युमिनियमचा एकही भाग त्यात पडू देऊ नका. बॅफल काढून टाकून आवाज वाढवणाऱ्यांचं ऐकू नका. टू-स्ट्रोकला सायलेंसरचा मागचा दाब लागतो, तो गेला की ओढ जाते.

ब्रेक दोन्हीकडे ड्रमचे. लायनर नवे, केबल नव्या. टायरवर चार आकडी तारीख असते: 2315 म्हणजे 2015 चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसो, दहा वर्षांचा टायर रस्त्यावर नेऊ नका.

सुरू करणं

कॉक उघडा, थंड इंजिनाला चोक द्या किंवा कार्बोरेटरवरचं टिकलरचं बटण पेट्रोल ओघळेपर्यंत दाबा. गिअरची दांडी आत दाबून वर फिरवली की तीच किक होते. इग्निशन बंद ठेवून दोन-तीन सावकाश किक मारा, मग इग्निशन लावून एक पूर्ण, लांब किक. दहा किकमध्ये लागली नाही तर थांबा आणि प्लग काढा. ओला असेल तर कॉक बंद करा, अॅक्सिलरेटर पूर्ण उघडा, प्लगशिवाय दहा-पंधरा किक मारून क्रँककेस सुकवा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये.

पहिले 500 किमी पन्नाशीच्या आत. दोन-तीन किलोमीटर एकसारखी चालवून, क्लच दाबून इंजिन जागेवर बंद करा आणि प्लग बघा. चहाच्या दाट रंगाचा हवा. पांढरा दिसला तर पुढे जाऊ नका.

कागद

कारखाना बंद होऊन तीस वर्षं झाली, म्हणजे प्रत्येक गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर नूतनीकरणाला आलेलीच आहे. पुढे ते दर पाच वर्षांनी. जुन्या तीन अक्षरी क्रमांकांच्या गाड्या बऱ्याचदा ऑनलाइन दिसत नाहीत. त्यांची बॅकलॉग नोंद (जुनी नोंद ऑनलाइन चढवणं) आरटीओतून करून घ्यावी लागते आणि त्यानंतरच कर, नूतनीकरण, उच्च सुरक्षा नंबरप्लेट हे पुढे सरकतं. व्यवहार करण्याआधी चासी आणि इंजिन क्रमांक आरसी बुकाशी अक्षरशः जुळवून पाहा. घासलेला किंवा नव्याने ठोकलेला आकडा दिसला तर तिथेच थांबा, चोरीच्या गुन्ह्यातला मुद्देमाल गळ्यात पडू शकतो.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना 2021 च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेत व्हिंटेज नोंदणी घेता येते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. पण तशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज चालवायची असेल तर आधीची नियमित नोंदणीच जपा.

घाटात

येझदी खरी खुलते ती पावसाळी हवेत, तिसऱ्या गिअरमध्ये, चढावर. जुलैतल्या दुसऱ्या रविवारी, जावा दिनाला, गाड्या बाहेर पडतात तेव्हा ही हवा असतेच. आरपीएम खाली असतानाही ती ओढते. हँडलमधली थरथर एका ठेक्यावर येते आणि दोन्ही सायलेंसरांतून तो घुमणारा, लाकडावर ठोकल्यासारखा आवाज कड्यावरून परत येतो. तो ठेका ऐकत चालवा. आवाज कोरडा, खणखणीत होऊ लागला, ओढ कमी वाटली, तर पिस्टन पकडण्याच्या बेतात आहे: लगेच क्लच दाबा, अॅक्सिलरेटर सोडा, कडेला घ्या आणि अर्धा तास थंड होऊ द्या.

उताराचं तंत्र मात्र फोर-स्ट्रोकवाल्यांना नव्याने शिकावं लागतं. ताम्हिणी किंवा आंबोली घाट उतरताना अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवून इंजिनाच्या ब्रेकवर गाडी सोडली, तर इंजिन वेगात फिरतं आणि पेट्रोल येत नाही, म्हणजे ऑइलही येत नाही. दर पाच-सात सेकंदांनी अॅक्सिलरेटर क्षणभर उघडून मिटा, तेवढ्याने पिस्टनला ओलावा मिळतो. वेग दोन्ही ब्रेकनी आळीपाळीने आवरा. सतत दाबून ठेवलेला ड्रम तापतो आणि ऐन वळणावर धरत नाही. लिव्हर हँडलकडे जास्त येऊ लागली किंवा जळका वास आला तर थांबा. ड्रमवर पाणी ओतू नका, वाऱ्यावर निवू द्या आणि हात लावण्याइतके गार झाले की निघा.