लॅपटॉप-मोबाईल बदलायचा विचार आहे? आधी या चुका टाळा

लॅपटॉप किती वर्षांनी बदलायचा, असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: चार-पाच वर्षांनी. मोबाईलचं विचारा, दोन-तीन. हे आकडे आपण इतके ऐकलेत की ते आले कुठून, हे विचारायचं राहूनच जातं. ऑफिसांत वॉरंटी संपली की लॅपटॉप बदलतात, कारण तिथे बंद पडलेल्या यंत्रासमोर पगारी माणूस हातावर हात ठेवून बसतो. मोबाईलची दोन वर्षं अनेक देशांतल्या नेटवर्क कंपन्यांच्या करारांतून आली. घरच्या लॅपटॉपचा किंवा स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या फोनचा यातल्या कशाशीच संबंध नाही.

तेव्हा वय सोडा आणि एवढंच बघा: याचं नेमकं काय संपलंय? बॅटरी, सुरक्षा अपडेट, की तुमच्या कामाला पुरण्याची ताकद? बॅटरी बदलता येते. ताकद पुष्कळदा वाढवता येते. अपडेट बंद झाले तर मात्र फारसा इलाज उरत नाही. आणि लोक बरोबर उलटं करतात. बॅटरी उतरते म्हणून चांगला फोन काढून टाकतात आणि अपडेट बंद झालेल्या लॅपटॉपवर बँकेचे व्यवहार बिनधास्त करत राहतात.

‘स्लो झालाय’ म्हणून काढून टाकणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. प्रोसेसर वयामुळे मंद होत नाही. पहिल्या दिवशी जेवढी गणितं करायचा, तेवढीच आजही करतो. बदललेलं असतं ते दुसरंच काहीतरी, आणि ते शोधायला अर्धा तास पुरतो.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. साधं ब्राउझर उघडताना ‘डिस्क’ बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकत असेल आणि आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर निदान झालंच. तिच्या जागी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. जुन्या यंत्रावर केलेल्या खर्चात याच्याइतका फरक दुसरा कुठलाच पाडत नाही. डिस्क ठीक असून ‘मेमरी’ कायम ९० टक्क्यांच्या आसपास असेल, तर रॅम, म्हणजे चालू कामासाठीची तात्पुरती मेमरी, कमी पडतेय. रिकामा स्लॉट असेल तर ती वाढवता येते. बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये मात्र रॅम मदरबोर्डवरच (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) सोल्डर केलेली असते आणि तिथे हा मार्ग बंद होतो. म्हणून नवा घेताना आधी हेच विचारा.

पहिली दहा मिनिटं लॅपटॉप झकास चालतो, मग पंखा घोंघावू लागतो आणि सगळं अडखळतं? ही उष्णता आहे. पंख्यात धूळ साचते, प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेली थर्मल पेस्ट सुकते आणि तापमान फार चढलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला आपणहून वेग उतरवतो. साफसफाई आणि नवी पेस्ट, एवढंच काम असतं.

चार्जरकडे तर कुणाचं लक्षच जात नाही. ६५ वॉट लागणाऱ्या लॅपटॉपला टाइप-सीची पिन बसते म्हणून फोनचा छोटा चार्जर लावला, की काही मॉडेल चार्जच होत नाहीत आणि काही होतात पण रडतखडत चालतात. डेस्कटॉपची अशीच एक गंमत आहे. रोज सुरू केल्यावर तारीख चुकलेली दिसते आणि वेबसाइट सुरक्षेचा इशारा देऊन उघडत नाहीत. लोकांना वाटतं व्हायरस आला, नाहीतर कॉम्प्युटर गेला. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो बदला.

फोनचं म्हणाल तर आधी स्टोरेज बघा. ते गच्च भरलं की फोन रखडतो, म्हणून दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवलेली बरी. मोठं अपडेट आल्यावर एक-दोन दिवस फोन गरम होणं आणि बॅटरी पटकन उतरणं नेहमीचंच आहे, आत त्याची आवराआवर चाललेली असते. त्या दोन दिवसांत नवा फोन शोधायला बसू नका.

बॅटरी आणि यंत्र यांचं आयुष्य एकच समजणं

चपलेचा अंगठा तुटला म्हणून कुणी चप्पल टाकत नाही, पण बॅटरी दमली म्हणून फोन टाकतात. लिथियम-आयन बॅटरी ही मुळात झिजणारी वस्तू आहे. ॲपलच्या स्वतःच्या आकड्यांनुसार आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या आदर्श परिस्थितीत ५०० पूर्ण चार्ज सायकलनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहतात, तर आयफोन १५ पासून हा आकडा १००० सायकल आहे. (सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर. दोन दिवस रोज निम्मी वापरली तर दोन दिवसांत एक.) युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून तिथे विक्रीला येणाऱ्या फोनसाठी ८०० सायकलची अट घातली आहे.

दमलेली बॅटरी वेगावरही परिणाम करू शकते. फोन अचानक बंद पडू नये म्हणून झिजलेल्या बॅटरीच्या आयफोनचा वेग आपण सॉफ्टवेअरमधून कमी करतो, हे ॲपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं होतं. त्या वेळी ‘जुना झाला’ म्हणून फोन बदललेल्या अनेकांचं काम नुसत्या नव्या बॅटरीवर भागलं असतं.

त्यामुळे आधी मोजा. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता दिसते, अनेक नव्या अँड्रॉइड फोनमध्येही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवरून बॅटरी रिपोर्ट काढता येतो. त्यातली ‘डिझाइन कपॅसिटी’ (मूळ क्षमता) आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ (आताची क्षमता) शेजारी ठेवून बघा. दुसरा आकडा पहिल्याच्या पाऊणपटीखाली गेला असेल तर बॅटरी बदलायची वेळ आली.

ट्रॅकपॅड वर आलाय, झाकण नीट बसत नाही, फोनची स्क्रीन कडेने उचलली गेलीय, असं काही दिसलं तर मात्र मोजत बसू नका. बॅटरी फुगलीय. चार्जिंग ताबडतोब थांबवा, तिला दाबू किंवा टोचू नका आणि सर्व्हिस सेंटर गाठा.

अपडेटची तारीख न बघणं

विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी जादा सुरक्षा अपडेटची सोय मायक्रोसॉफ्टने तेव्हा १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर केली होती. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची सोय) लागतं आणि ढोबळमानाने इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीच्या रायझन २००० मालिकेचा, नाहीतर त्यानंतरचा प्रोसेसर. इथे एक खाचखळगा आहे. ‘तुमचा पीसी चालणार नाही’ असा संदेश आला की लोक हार मानतात. पण कित्येक यंत्रांत टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलवर ते ‘पीटीटी’ आणि एएमडीवर ‘एफटीपीएम’ या नावाने सापडेल. सुरू करून पुन्हा तपासा.

प्रोसेसरच बसत नसेल तर विंडोजच्या जागी टाकता येणारी लिनक्स मिंट किंवा क्रोम ओएस फ्लेक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम आहे. ब्राउझर, ईमेल, लिखाण एवढंच काम असलेल्या माणसाला ती छान पुरते. एखाद्या ठरावीक विंडोज सॉफ्टवेअरवर तुमचं काम अडलेलं असेल, तर मी हा सल्ला देणार नाही.

फोनच्या बाबतीत फसगत वेगळी होते. पिक्सेल ८ ला गूगलने २०२३ मध्ये आणि गॅलेक्सी एस२४ ला सॅमसंगने २०२४ मध्ये सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं. ती सात वर्षं मॉडेल बाजारात आल्यापासून मोजली जातात, तुम्ही विकत घेतल्यापासून नाही. सवलतीत दोन वर्षं जुनं मॉडेल घेतलंत तर हाती पाच उरतात. स्वस्त फोनांना मुळात वचनच कमी वर्षांचं असतं, तिथे दोन वजा झाली की काय शिल्लक राहतं ते बघूनच सवलतीचा आनंद माना.

दुरुस्तीचा हिशोब अर्धवट करणं

‘खर्च नव्याच्या निम्म्याहून जास्त असेल तर दुरुस्ती नको’ हा नियम सगळे सांगतात. त्यात उरलेली वर्षं कुठेच येत नाहीत. समजा नवा लॅपटॉप सहा वर्षं चालणार, म्हणजे वर्षाला किमतीचा सहावा हिस्सा. जुन्याच्या दुरुस्तीला नव्याच्या पाव किंमत लागतेय आणि अपडेटची तीन वर्षं बाकी आहेत, तर वर्षाला बारावा हिस्सा पडला. दुरुस्ती निम्म्या खर्चात. पण तीच दुरुस्ती एकच वर्ष उरलेल्या लॅपटॉपवर केली तर वर्षाला पाव किंमत गेली, म्हणजे नव्यापेक्षा महाग. बिल तेच, उत्तर उलटं.

सगळ्यांना एकच नियम लावणं

चांगला मॉनिटर आणि कीबोर्ड दोन-तीन कॉम्प्युटर पाहतो, कॉम्प्युटरबरोबर तेही बदलायची गरज नसते. वायरलेस इअरबडच्या इवल्याशा बॅटऱ्या सहसा बदलता येत नाहीत, ते लवकर संपणार हे धरूनच किती खर्चायचं ते ठरवा. राउटर चालतोय म्हणून कुणी बघत नाही, पण कंपनीने त्याचे अपडेट थांबवले असतील तर तो घरातल्या प्रत्येक यंत्राला धोका आहे.

‘वय सोडा’ म्हटलं, त्याला बॅकअपची हार्ड डिस्क तेवढी अपवाद. ती बिघडायची वाट बघायची नसते, कॅलेंडर बघून चार-पाच वर्षांत बदलायची असते.

बंद पडल्यावर धावत जाऊन घेणं

घाईत माणूस दुकानात जे आहे ते घेतो: कमी रॅमचं, जे वाढवता येत नाही असं, किंवा ‘पुढची दहा वर्षं चालेल’ म्हणून गरजेच्या तिप्पट ताकदीचं. सगळ्यात वरचा प्रोसेसर घेण्यापेक्षा तेच पैसे रॅम आणि स्टोरेजमध्ये घालावेत, असं माझं मत. अपडेट संपायच्या सहा महिने आधी बघायला लागलात तर निवडायला वेळ मिळतो.

जुनं कपाटात टाकणं

२०२२ मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. कपाटातला फोन यातल्या कशातच धरलेला नसतो, तो नुसता किंमत घालवत पडून राहतो. देऊनच टाकायचा असेल तर लवकर द्या, अजून अपडेट येताहेत तोवर. देण्याआधी खात्यांतून लॉग-आउट करा, आयफोनवर ‘फाइंड माय’ बंद करा, नाहीतर घेणाऱ्याच्या हाती कुलूपबंद वीट पडेल. मग फॅक्टरी रीसेट. नुसत्या फाइली डिलीट करून भागत नाही. आणि टू-फॅक्टर कोडचं (लॉगिनला पासवर्डखेरीज लागणाऱ्या कोडचं) ॲप आधी नव्या फोनवर हलवून, एकदा लॉगिन करून बघा. ते जुन्याच फोनवर राहिलं आणि फोन पुसला गेला, तर पुढचे कित्येक दिवस खाती परत मिळवण्यात जातात.