एका वचनावरून दुसऱ्यावर: बायबल सॉफ्टवेअरमधले क्रॉस रेफरन्स शोधताना

कोल्हापुरातल्या मंडळ्यांत संडे स्कूल, तरुण संघ किंवा घरगुती शास्त्रपाठ घ्यायला नव्याने उभे राहणाऱ्यांकडे बहुधा दोन गोष्टी असतात: छापील मराठी बायबल आणि मोबाइल. छापील प्रतीत विभागाच्या शीर्षकाखाली कंसात समांतर उतारा दिलेला असतो. तो उपयोगी आहे, पण तुटपुंजा. मोबाइलवर त्याच वचनाला चाळीस-पन्नास क्रॉस रेफरन्स, म्हणजे त्याच्याशी नाते असलेल्या बायबलमधल्या इतर वचनांचे संदर्भ, निघतात आणि मग यातले नेमके कोणते उघडायचे हे कळत नाही. संदर्भ सापडायला दोन मिनिटे लागतात, निवडायला संध्याकाळ जाते. म्हणून आधी ही यादी येते कुठून ते पाहू.

बहुतेक मोफत सॉफ्टवेअरमागे एकच जुना संग्रह असतो: एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बॅगस्टर प्रकाशनाने काढलेला ‘ट्रेझरी ऑफ स्क्रिप्चर नॉलेज’, थोडक्यात टीएसके. पाच लाख संदर्भ असल्याचा त्याचा दावा आहे. ओपनबायबल या संकेतस्थळावरची सुमारे ३ लाख ४० हजारांची यादीही मुख्यतः त्यावरच उभी आहे. तिथे वाचक मते देतात आणि जास्त मतांचा संदर्भ वर चढतो. म्हणजे दोन ॲपमध्ये एकच संदर्भ दिसला तर ते दोन साक्षीदार झाले असे समजू नये. साक्षीदार एकच, फक्त दोनदा उभा केलेला.

टीएसकेची मांडणी किंग जेम्स या इंग्रजी भाषांतरातल्या शब्दांनुसार आहे. वचनातला एकेक शब्द किंवा वाक्यांश घेऊन त्यापुढे संदर्भ दिलेले असतात. मराठी वाचकाची पहिली अडचण इथेच येते. मराठीत क्रियापद शेवटी जाते, शब्दांचा क्रम बदलतो, आणि यादीतला तिसरा गट वचनाच्या कोणत्या भागाला लागू आहे ते पटकन उमगत नाही. त्यासाठी एका खिडकीत इंग्रजी वचनही उघडे ठेवावे. इंग्रजी यादी हातात धरायची, वाचन मात्र मराठीत करायचे.

अँड्रॉइडवर अँडबायबल हे मोफत ॲप या कामाला बरे. त्याच्या मेन्यूतून डाउनलोडच्या पानावर जाऊन भाषा मराठी निवडली की उपलब्ध मराठी बायबल दिसते. मग भाषा इंग्रजी करून टीकाग्रंथांच्या (कॉमेंटरी) गटातून टीएसके उतरवावा. बायबलच्या यादीत तो शोधत बसू नये, तिथे तो नसतो. आता दुसरी खिडकी उघडून तिच्यात टीएसके लावला की वरच्या खिडकीत वचन सरकेल तसा तोही सरकतो. संदर्भावर टिचकी मारली की तो लिंकसाठीच्या वेगळ्या खिडकीत उघडतो आणि मूळ वचन जागेवर राहते. त्या खिडकीत इंग्रजी बायबल आले तर तिथेच ते बदलून मराठी करावे. हे सगळे घरच्या वायफायवर आधीच उतरवून ठेवा. पन्हाळ्यावरच्या शिबिरात नेट मिळेलच याची खात्री नाही.

संगणकावर विंडोज असेल तर ई-स्वॉर्ड मोफत मिळते. त्यात संदर्भावर माउस नेला की वचन छोट्या चौकटीत दिसते. काहीच बसवायचे नसेल तर ब्लू लेटर बायबलच्या संकेतस्थळावर वचनाशेजारचे ‘टूल्स’ दाबून ‘क्रॉस-रेफ्स’ निवडावे.

पुस्तकांच्या इंग्रजी संक्षेपांत नवे लोक हमखास अडखळतात. ‘जेडीजी’ म्हणजे शास्ते, ‘जूड’ म्हणजे यहूदाचे पत्र. ‘पीएचपी’ म्हणजे फिलिप्पैकरांस, ‘पीएचएम’ म्हणजे फिलेमोनास. जेम्स म्हणजे याकोब, आणि ड्यूटेरॉनॉमी म्हणजे अनुवाद. पहिल्या महिन्यात सहासष्ट नावांचा तक्ता वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला बरा.

आता निवड. समोर आलेला प्रत्येक संदर्भ कोणत्या जातीचा आहे ते आधी ठरवावे. सरळ अवतरण, तीच घटना दुसऱ्या पुस्तकात, नुसता सूचक उल्लेख, की फक्त विषयसाम्य? हबक्कूक २:४ हे रोमकरांस १:१७, गलतीकरांस ३:११ आणि इब्री १०:३८ या तिन्ही ठिकाणी अवतरण म्हणून येते. हे तिन्ही उघडायलाच हवेत. स्तोत्र १८ आणि २ शमुवेल २२ हे जवळजवळ एकच गीत आहे. २ शमुवेल २४:१ आणि १ इतिहास २१:१ शेजारी ठेवले की दावीदाच्या शिरगणतीची प्रेरणा कोणाची, यावर दोन पुस्तके दोन वेगळी उत्तरे देतात. शास्त्रपाठात यावर प्रश्न येणारच, तेव्हा तयारीतच तो सोडवून ठेवा. विषयसाम्याचे संदर्भ शेवटी, आणि तेही दोन-तीनच. ‘प्रीती’ हा शब्द दोन्हीकडे आला एवढ्यावर दोन वचने एकमेकांची नातलग होत नाहीत.

मार्क १:२-३ हा सरावाला उत्तम उतारा. इथे दोन अवतरणे एकत्र गुंफली आहेत: मलाखी ३:१ आणि यशया ४०:३. मत्तय २७:९ याहून अवघड. तिथे नाव यिर्मयाचे आहे, पण शब्द जखऱ्या ११:१२-१३ च्या जवळचे. सॉफ्टवेअर दोन्हींकडे बोट दाखवते आणि खुलासा करत नाही. त्यासाठी दोन्ही पुस्तकांतला आख्खा उतारा वाचावा लागतो. छोट्या चौकटीत एकच वचन दिसते, तेवढ्यावर मत बनवू नये.

संदर्भावर टिचकी मारून भलतेच वचन उघडले तर आधी क्रमांकाचा संशय घ्या. प्रेषितांची कृत्ये २:१७ मधले अवतरण मराठी बायबलात योएल २:२८ ला आहे. मूळ हिब्रू बायबलातल्या क्रमांकाप्रमाणे ते ३:१ होते. हिब्रूत मलाखीचे तीनच अध्याय, आपल्याकडे चार. स्तोत्रांची शीर्षके हिब्रूत वचन म्हणून मोजतात, त्यामुळे आपले स्तोत्र ५१:१ तिकडे ५१:३ असते. काही सॉफ्टवेअर हा फरक आपोआप जुळवते, काही नाही.

मराठी शोधाची रड वेगळीच. ‘जखऱ्या’ मधला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना शब्द सारखाच दिसतो, यंत्राला नाही, आणि निकाल शून्य येतो. अशा वेळी नुसते ‘जख’ टाइप करून पाहावे. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधल्या नोट्स ॲपमध्ये चिकटवल्या तर अक्षरांचा चिवडा होतो. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात. आणि मराठीत ‘यशया ४०:३’ लिहिले की त्याची लिंक आपोआप बनेल ही अपेक्षा सोडून द्या. ई-स्वॉर्डला तीन अक्षरी इंग्रजी नाव, अंडरस्कोर आणि इंग्रजी आकडेच कळतात.

मूळ हिब्रू-ग्रीक शब्दावरून जायचे असेल तर स्ट्राँगचे क्रमांक, म्हणजे प्रत्येक मूळ शब्दाला दिलेला आकडा, वापरा. ते १८९० सालच्या किंग जेम्सच्या शब्दसूचीतून आले. उदाहरणार्थ, करुणा-दया या अर्थाचा हिब्रू ‘हेसेद’ हा २६१७ वा. मराठीत हाच शब्द जागोजागी वेगवेगळा उतरतो, म्हणून मराठी शब्द शोधून त्याची सगळी ठिकाणे हाती लागत नाहीत. इंग्रजीतून क्रमांक घ्या, त्याने वचने काढा आणि मग प्रत्येक मराठीत वाचा.

शेवटी एक उलटतपासणी करायची असते. ‘अ’ वचनाच्या यादीत ‘ब’ आहे म्हणून ‘ब’च्या यादीत ‘अ’ असेलच असे नाही, त्यामुळे दोन्ही टोकांकडून पाहावे. वहीत प्रत्येक संदर्भापुढे जात लिहा: अवतरण, समांतर, सूचक, विषय. ज्याच्यापुढे काय लिहावे सुचत नाही, तो संदर्भ त्या रविवारच्या पाठातून खुशाल वगळा.