गोठ्यात लेप्टोस्पायरोसिसचा संशय आल्यास काय करावे

सर्पिल आकाराच्या जिवाणूंना स्पायरोकीट म्हणतात आणि जनावरे, वन्यप्राणी व माणूस या तिघांमध्येही सहज फिरणारा त्यांतला प्रमुख जिवाणू म्हणजे लेप्टोस्पायरा; त्यामुळे होणारा रोग तो लेप्टोस्पायरोसिस. तो इतका बारीक असतो की जिवाणू रंगवून पाहण्याच्या नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे ग्रॅम रंजनात, दिसत नाही. काळ्या पार्श्वभूमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली मात्र टोकांना आकडे असलेला, स्क्रूसारखा फिरत पुढे सरकणारा धागा दिसतो. या आकड्यामुळेच एका प्रजातीला प्रश्नचिन्हावरून ‘इंटेरोगन्स’ हे नाव मिळाले. आजारातून उठलेले जनावर बाहेरून ठणठणीत दिसत असतानाही त्याच्या मूत्रपिंडात हा जिवाणू महिनोन्‌महिने टिकून राहतो व मूत्रावाटे बाहेर पडत असतो. त्यामुळे आजारी जनावर वेगळे बांधले की काम झाले, असे येथे मानता येत नाही. या रोगात माग काढायचा तो मूत्राचा.

संशय कधी घ्यावा, हे प्रथम पाहू. गाभण काळाच्या शेवटच्या तिमाहीत एकापाठोपाठ एक गायी गाभडणे, मेलेली किंवा अशक्त वासरे जन्मणे, तसेच अनेक दुभत्या गायींचे दूध एकाच वेळी एकाएकी घटणे, या खुणा महत्त्वाच्या आहेत. दूध घटले असेल तर कास हाताने तपासावी. साध्या कासदाहात बहुधा एखादा सड कडक, गरम व दुखरा असतो. लेप्टोस्पायरोसिसमध्ये चारही सडांत दूध चिकासारखे घट्ट व पिवळसर, कधी रक्ताची झाक असलेले येते आणि तरीही कास मऊ व लिबलिबीत लागते. वासरांत ताप, कावीळ आणि लाल मूत्र हे त्रिकूट दिसते. असे मूत्र काचेच्या भांड्यात घेऊन काही वेळ स्थिर ठेवावे. तांबड्या पेशी तळाशी बसून वरचा भाग निवळला तर तो मूत्रमार्गातील रक्तस्राव असतो. सगळे मूत्र तसेच लालसर राहिले तर रक्तपेशी शरीरातच फुटत आहेत असे समजावे. मात्र गोचिडांमुळे होणाऱ्या बबेसिओसिसमध्येही मूत्र असेच लाल होते, म्हणून या चाचणीवर निदान ठरवू नये, तिने केवळ दिशा मिळते.

पशुवैद्यकाला बोलावल्यानंतर ते येईपर्यंत गाभडलेल्या गायीला कोरड्या, उतार असलेल्या आणि इतरांच्या पाण्यापासून दूरच्या जागी बांधावे. गर्भ व वार उघड्या हातांनी उचलू नयेत. हातमोजे, गमबूट आणि डोळ्यांवर चष्मा घालूनच त्यांना हात लावावा, कारण हा जिवाणू त्वचेवरील लहानशा ओरखड्यातून तसेच डोळ्यांच्या व तोंडाच्या ओलसर आवरणातून शरीरात शिरतो. गर्भ कुत्र्यांच्या तोंडी लागू देऊ नये, तसेच पशुवैद्यकाने पाहण्यापूर्वी तो पुरूही नये. जमीन जोरदार फवाऱ्याने धुण्याची सवय येथे घातक ठरते, कारण मूत्राचे सूक्ष्म तुषार धुणाऱ्याच्याच तोंडावर उडतात. आधी घाण खरवडून काढावी, साबणाच्या पाण्याने जमीन साफ करावी आणि मग १ टक्का हायपोक्लोराइटचे (ब्लीचचे) द्रावण टाकून ती पूर्ण वाळू द्यावी. कोरडेपणा हा या जिवाणूचा मोठा शत्रू आहे; ओल्या, उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी मातीत मात्र तो आठवडे, कधी महिनेही जगतो.

नमुने घेण्यात सर्वाधिक चुका होतात, म्हणून या भागावर थोडे रेंगाळतो. संसर्गाच्या पहिल्या आठवड्यात जिवाणू रक्तात असतात, तेव्हा पीसीआरसाठी, म्हणजे जिवाणूचा डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी, रक्त उपयोगी पडते. त्यानंतर ते रक्तातून नाहीसे होतात आणि मूत्रात सापडू लागतात. जिवाणूविरुद्ध रक्तात तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची प्रमाण चाचणी एमएटी (सूक्ष्मदर्शकाखालील समूहन चाचणी) ही आहे. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत पातळी चौपट वाढली तर ताजा संसर्ग मानतात. परंतु गर्भपात संसर्गानंतर अनेक आठवड्यांनी होतो व तोपर्यंत प्रतिपिंडांची पातळी शिखर गाठून उतरलेलीही असू शकते. विशेषतः लेप्टोस्पायराच्या, गायींत मुरलेल्या हार्डजो या प्रकारात एकट्या गाभडलेल्या गायीचा निकाल नकारार्थी आला म्हणून रोग नाही असा निष्कर्ष काढणे चूक ठरते. म्हणून गाभडलेल्या गायीबरोबर कळपातील निरोगी दिसणाऱ्या काही गायींचेही रक्त व मूत्र पाठवावे, आणि पूर्वी लस दिली असल्यास तारखेसह कळवावे, कारण लसीमुळेही एमएटी सकारात्मक येऊ शकते. मूत्रासाठी योनिद्वाराखालची त्वचा तळव्याने हळूहळू चोळली की बहुतेक गायी मूत्र सोडतात. पशुवैद्यक मूत्रल (लघवी वाढवणारे) औषध देत असतील तर त्यानंतरची पहिली धार सोडून दुसरी निर्जंतुक बाटलीत धरावी आणि ती थंड ठेवून त्याच दिवशी पाठवावी. जिवाणूसंवर्धनाला आठवडे, प्रसंगी महिने लागतात, तेव्हा त्या निकालाची वाट पाहत उपाय थांबवू नयेत.

उपचारासाठी दीर्घकाळ टिकणारे ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा स्ट्रेप्टोमायसिन गटातील औषध वापरतात. मात्रा पशुवैद्यकच ठरवतील, आणि ठरवून दिलेला काळ संपेपर्यंत त्या जनावराचे दूध व मांस वापरता येत नाही. लस ज्या प्रकारांविरुद्ध बनवली आहे त्यांच्यापुरतीच चालते. म्हणून प्रयोगशाळेकडून प्रकार कळल्यावरच ती निवडावी. प्रथम चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा आणि पुढे दरवर्षी एक, असा सर्वसाधारण क्रम असतो. लसीने आधीच वाहक झालेले जनावर शुद्ध होत नाही, हे अनेकांच्या लक्षात येत नाही आणि मग लसीला दोष दिला जातो.

बाहेरचा स्रोतही तपासावा लागतो. तपकिरी उंदीर इक्टेरोहेमोरेजी प्रकाराचा, कुत्रा कॅनिकोलाचा, तर डुक्कर पोमोनाचा जुना वाहक आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील समुद्रसिंहांमध्येही पोमोनाच्या साथी वारंवार येतात. खाद्य झाकून ठेवणे, साचलेल्या डबक्यांभोवती कुंपण घालणे, वाहत्या ओढ्याऐवजी हौदातून पाणी पाजणे आणि डुकरांना गायींपासून वेगळे ठेवणे, एवढ्याने बराचसा मार्ग बंद होतो.

सर्वच स्पायरोकीट मूत्रावाटे पसरत नाहीत. लाइम या आजाराचा जिवाणू बोरेलिया गोचिडीतून येतो. ती गोचीड बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढावी, पिळू किंवा जाळू नये. डुकरांच्या रक्तमिश्रित, शेंबडासारख्या हगवणीमागचा ब्रॅकिस्पायरा विष्ठेतून पसरतो. त्यावर टायामुलिन हे प्रतिजैविक देताना खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही खाद्यात मिसळली जाणारी औषधे असतील तर डुकरे दगावतात, म्हणून खाद्याच्या पोत्यावरील घटक आधी वाचावेत.

आता माणसांविषयी. १८८६ साली अडॉल्फ वाइल यांनी ज्या काविळीसह येणाऱ्या तापाचे वर्णन केले तो याच रोगाचा तीव्र प्रकार होय. संसर्गापासून २ ते ३० दिवसांत, बहुधा ५ ते १४ दिवसांत, ताप, तीव्र डोकेदुखी, डोळे लाल होणे आणि पोटऱ्या दाबल्यावर असह्य दुखणे सुरू होते. गोठ्यात काम करणाऱ्याला असा ताप आला तर डॉक्टरांना जनावरांतील गर्भपात व लाल मूत्राबद्दल आपणहून सांगावे. ते न सांगितल्यास हा ताप फ्लू किंवा डेंग्यू म्हणून गणला जाण्याची शक्यता मोठी. कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालयात जावे. सौम्य आजारात डॉक्सिसायक्लिन, तीव्र आजारात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन देतात. पहिल्या मात्रेनंतर काही तासांत हुडहुडी भरून ताप वाढला तर ती बहुधा एकाच वेळी मरणाऱ्या जिवाणूंवर शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. डॉक्टरांना लगेच कळवावे, पण औषध स्वतःहून बंद करू नये.