संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांवर चरित्रलेख कसा लिहावा

पुण्यात संख्याशास्त्राचे एखादे प्राध्यापक निवृत्त झाले किंवा पंचाहत्तरीला पोहोचले, की गौरवांक निघतो आणि त्यातील मुख्य लेख बहुधा त्यांच्या एखाद्या विद्यार्थ्याकडे येतो. असे लेख जन्म, पदव्या, पदे, पुरस्कार आणि साधी राहणी या ठरलेल्या क्रमाने जातात, आणि या व्यक्तीने नेमके काय शोधले हे वाचकाला शेवटपर्यंत कळत नाही. म्हणून लेखाची सुरुवात त्यांनी हाताळलेल्या एका प्रश्नापासून करावी.

संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचे उदाहरण घ्यावे. पीक कापणी प्रयोगात शेतातला छोटा तुकडा आखून तेवढेच पीक कापतात व तोलतात. तुकडा फार लहान असला, तर त्याच्या क्षेत्रफळाच्या मानाने कडेची लांबी जास्त असते. कडेवरची ताटे आत धरावीत की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा कल ती आत धरण्याकडे असतो, आणि त्यामुळे उत्पन्नाचा अंदाज फुगतो. सुखात्मे यांनी १९४०च्या दशकात हे आकड्यांनिशी दाखवून दिले. एवढे सांगितले तरी, सूत्र न लिहिता, शेती माहीत असलेल्या कोणत्याही वाचकाला त्यांचे काम समजते.

सैद्धांतिक संशोधकाबाबत हे अवघड जाते, पण टाळू नये. वसंत शंकर हुजूरबाजार यांच्या १९४८च्या शोधनिबंधाविषयी असे लिहिता येईल: मिळालेली निरीक्षणे ज्या मूल्यामुळे सर्वांत संभाव्य ठरतात ते मूल्य अंदाज म्हणून निवडणाऱ्या मॅक्सिमम लाइकलीहूड पद्धतीत जे समीकरण सोडवायचे असते त्याला अनेक उत्तरे निघू शकतात; काही अटी पाळल्या गेल्या, तर निरीक्षणे वाढत जातील तसतसे खऱ्या मूल्याकडे सरकणारे उत्तर त्यांत एकच असते, हे त्यांनी सिद्ध केले. ‘मोलाची भर घातली’ या शब्दांपेक्षा हे एक वाक्य अधिक सांगते.

अध्यापनाचे काम शोधनिबंधांच्या यादीत दिसत नाही. हुजूरबाजार यांनी १९५३ पासून पुणे विद्यापीठाचा गणित व संख्याशास्त्र विभाग उभा केला. अशा कामाचा माग घ्यायचा तर विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयातील पीएच.डी.चे प्रबंध उघडून त्यांतले ऋणनिर्देश वाचावेत. कोणी कोणाला काय शिकवले, हे तेथे बायोडेटापेक्षा स्पष्ट लिहिलेले असते.

संस्थांची नावे त्या त्या काळची द्यावीत. पुणे विद्यापीठ १९४९ मध्ये स्थापन झाले आणि २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. त्यामुळे सुखात्मे १९३२ मध्ये फर्ग्युसनमधून पदवीधर झाले तरी ती पदवी मुंबई विद्यापीठाचीच ठरते. पुरस्कारांना एक ओळ पुरे.

खरी कसोटी लागते ती वादांपाशी, आणि गौरवांकाच्या संपादकांना नेमके तेच नको असते. सुखात्मे १९५१ ते १९७० या काळात रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत होते. नंतर पुण्यात त्यांनी मांडले की एकाच माणसाची उष्मांकांची गरज दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरीहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मानता येत नाही. उष्मांकांच्या आधारे दारिद्र्यरेषा मांडणारे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर पुण्याच्याच गोखले संस्थेचे. १९८०च्या सुमारास दोघांमध्ये यावर जाहीर वाद झाला. देशातील उपाशी माणसे किती, याचे उत्तर त्यावर अवलंबून होते, म्हणून तो गाळून सुखात्मे यांच्या उत्तरायुष्याविषयी लिहिता येणार नाही. मात्र लिहिण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे मूळ लेख वाचावेत, प्रत्येकाचा युक्तिवाद त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत मांडावा, आणि आपले मत द्यायचेच असेल तर ते वेगळ्या परिच्छेदात, स्वतःच्या नावावर द्यावे.