फवारणीच्या फलकासाठी अक्षर निवडताना

कपाशीवरील फवारणी सुरू होण्याआधी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर सूचनांचा मोठा फलक लावायचा असेल, तर फॉन्टचा निर्णय फ्लेक्सच्या दुकानात उभ्या उभ्या घेऊ नये, कारण तिथे वाढदिवसाच्या शुभेच्छांसाठी नेहमी वापरले जाणारे जाड, सावलीचे, सोनेरी काठाचे अक्षरच बहुधा गळ्यात पडते. आधी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकावर वाचता येणाऱ्या सर्वमान्य अक्षरसंकेतात, पूर्ण टंकित करावा, शुद्धलेखन तपासून घ्यावे आणि मगच अक्षराकडे वळावे.

मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे विनामूल्य फॉन्ट लांब मजकुराला चालतात. बालू शीर्षकापुरता बरा. परिच्छेदभर वापरला की डोळे थकतात. मात्र नावावर विसंबू नये. आपल्याच मजकुरातील अडचणीचे शब्द वेगळे काढून प्रत्येक फॉन्टमध्ये लावून पाहावेत: ‘शेतकऱ्यांनी’, ‘पऱ्हाटी’, ‘वाऱ्याच्या दिशेने’, ‘चिठ्ठी’, ‘द्रावण’. ‘ऱ्य’ तुटला, जोडाक्षराऐवजी पाय मोडलेले अक्षर वेगळे दिसू लागले किंवा मात्रेखाली ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ आले, तर तो फॉन्ट तिथेच बाद करावा. ठळक अक्षरात ‘ब’च्या पोटातील तिरपी रेघ बुजून त्याचा ‘व’ होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीवर टिकून असतो, ती फट लांबून दिसली पाहिजे. औषधाच्या प्रमाणात ‘१’ आणि ‘९’ यांची गल्लत होणे तर मुळीच परवडणारे नाही, म्हणून अंक सर्वात शेवटी नव्हे, सर्वात आधी तपासावेत. ‘ल’ आणि ‘श’ यांचे मराठी वळण काही फॉन्टमध्ये असते, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्याशिवाय ते दिसत नाही.

आकार ठरवताना ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, हे लक्षात ठेवावे. मात्र त्या इंचात वेलांटी, मात्रा आणि उकार यांची जागाही धरलेली असते, त्यामुळे प्रत्यक्ष अक्षर बरेच लहान उतरते. दहा फुटांवरून वाचायचे असल्यास शिरोरेषेपासून खालपर्यंत अक्षर इंचभर असावे, असा ढोबळ हिशोब धरावा. ओळींमध्ये पुरेसे अंतर ठेवावे, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. एवढे करूनही मजकूर मावत नसेल, तर मजकूर कमी करावा. अक्षर आडवे दाबून बसवू देऊ नये.

रंग साधे ठेवावेत. कीटकनाशकाच्या डब्यावरचे, विषारीपणा किती ते सांगणारे लाल, पिवळे, निळे व हिरवे त्रिकोण चित्रात त्यांच्याच रंगांत दाखवावेत, पण त्यांची माहिती पांढऱ्यावर काळ्यानेच लिहावी, कारण पांढऱ्यावरचे पिवळे अक्षर उन्हात नाहीसे होते.

मग फलकाचा एक तुकडा खऱ्या आकारात साध्या कागदावर छापून नेमक्या जागी, भर दुपारी चिकटवावा आणि वाचनाची फारशी सवय नसलेल्या एखाद्या वयस्कर काकांना मोठ्याने वाचायला सांगावे. ते जिथे अडखळतील, तिथे खूण करावी. समजावून सांगू नये.

दुकानात फाइल देताना अक्षरांचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरे रेषांच्या आकृतीत बदलून, पीडीएफ द्यावी, म्हणजे तिथल्या जुन्या फॉन्टमुळे काना-मात्रा विस्कटत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाल्यास फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, आणि छपाईला हिरवा कंदील देण्याआधी दुकानाच्या पडद्यावर औषधाचे प्रमाण सांगणारी प्रत्येक ओळ मूळ मजकुराशी ताडून घ्यावी.