रोडोक्रोसाइट ओळखायचाय? आधी भिंग आणि वजनकाटा घ्या, सुरी नको

गुलाबी खडा हातात आला की लोक लगेच सुरीने ओरखडतात नाहीतर लिंबू पिळून बघतात. थांबा जरा. रोडोक्रोसाइट म्हणजे मँगनीज कार्बोनेट, कडकपणाच्या मोहस स्केलवर जेमतेम ३.५ ते ४, साधी स्टीलची सुरीसुद्धा त्यावर चरा पाडते आणि आम्लाने पॉलिश उतरतं, म्हणजे खडा खरा निघाला तरी वाया गेलाच ना!

गुलाबी-पांढरे पट्टे, कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळं असतील तर अर्जेंटिनातल्या कॅपिलिटासचा माल असतो तसला. याच्याशी गल्लत होते ती रोडोनाइटची, पण त्यात पांढरे पट्टे नाहीत, काळ्या रेघा असतात, आणि तो कडकही जास्त. पारदर्शक, चेरीसारखा लाल, पैलू पाडलेला नग मात्र खरंच दुर्मिळ. कोलोरॅडोतली स्वीट होम ही जुनी चांदीची खाण त्यासाठीच नावाजलेली, १९९२ मध्ये तिथे निघालेला अल्मा किंग हा स्फटिक आज डेन्व्हरच्या म्युझियममध्ये आहे.

पारदर्शक नग असेल तर १०एक्स म्हणजे दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि वरच्या सपाट पैलूतून खाली मागच्या पैलूंच्या कडा बघा, एकेक कड दोन-दोन दिसली पाहिजे. यात प्रकाशाचे दोन किरण होतात, एकाचा अपवर्तनांक (खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.६०च्या आसपास आणि दुसऱ्याचा १.८च्या घरात, एवढा फरक फार कमी खड्यांत असतो. एका बाजूने डबल दिसलं नाही तर लगेच नकली म्हणू नका, खडा फिरवून बघा, एका दिशेने ते दिसतच नाही. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे अपवर्तनांक मोजायचं यंत्र असेल तर गोलसर घाटाच्या खड्यावरही जमतं, पोलरॉइड (प्रकाश गाळणारी चकती) फिरवला की यंत्रात दिसणारा ठिपका उघडझाप करतो, पण तसं कॅल्साइट हे दुसरं खनिजही करतं.

म्हणून मग काटा. दागिन्यांच्या काट्यावर आधी कोरड्या खड्याचं वजन घ्या, समजा ७.२० ग्रॅम. मग पाण्याचा कप ठेवून काटा शून्यावर आणा आणि खडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा सोडा, तळाला किंवा कडेला टेकू द्यायचा नाही, बुडबुडे चिकटले असतील तर झटकायचे. काटा २.०० दाखवतोय? ७.२० भागिले २.०० म्हणजे ३.६, ही झाली पाण्याच्या तुलनेत घनता, रोडोक्रोसाइटला बरोबर. गुलाबी कॅल्साइट २.७ देतो. रोडोनाइट मात्र इथे पकडला जात नाही, त्याची घनताही साधारण तेवढीच, तिथे आधीचं निरीक्षणच कामाला येतं.

आणि अंगठीत बसवू नका, पेंडंट करा. धुवायला कोमट पाणी, सौम्य साबण, बस्स. दागिने कंपनांनी धुणारं अल्ट्रासॉनिक मशीन अजिबात नको, याला तीन दिशांनी अगदी सरळ फुटायची सवय आहे, माझा एक छोटा नग मीच हौसेने मशीनमध्ये टाकला होता, बाहेर आले दोन तुकडे आणि फुटलेली बाजू आरशासारखी गुळगुळीत.