ऑफिसची स्वप्नं पडतात? अर्थ असा लावा

मीटिंग सुरू झालीय, सगळे तुमच्याकडे बघताहेत आणि प्रेझेंटेशनची फाइल काही केल्या उघडत नाही. अशा स्वप्नातून दचकून जाग आली की नोकरीवर गंडांतर तर येणार नाही ना, ही शंका चाटून जाते. ती सोडून द्या. उद्या काय होणार हे स्वप्नाला ठाऊक नसतं, पण गेल्या आठवड्यात मनाला काय लागलं ते त्यात बरंच सापडतं.

आधी लिहून काढा. ठसठशीत, गोष्टीसारखी स्वप्नं प्रामुख्याने रेम झोपेत, म्हणजे मिटलेल्या पापण्यांआड डोळे भराभर हलतात त्या टप्प्यात, पडतात. झोपेचं एक चक्र साधारण 90 मिनिटांचं असतं आणि पहाटेकडे रेमचा टप्पा लांबत जातो, म्हणून उठण्याआधीचं स्वप्न जास्त आठवतं. मात्र ते विरतंही लगेच. डोळे उघडल्यावर मोबाइल हातात घेऊ नका. क्षणभर तसंच पडून राहा, मग वहीत उतरवा. ‘परिषदेला गेलो होतो’ एवढ्यावर थांबू नका. तुम्ही मंचावर होतात, मागच्या रांगेत होतात की दाराबाहेर ताटकळत होतात?

मग भावनेला नाव द्या. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि नेमकी तीच लोक गाळतात. मीटिंगला उशीर झाल्याचं स्वप्न दोघांना पडलं. एकाला धडकी भरली, दुसऱ्याला सुटल्यासारखं वाटलं. पहिल्याला कमी पडण्याची भीती असेल. दुसऱ्याला कदाचित ते काम मुळातच नको असेल. ‘उशीर म्हणजे अमुक’ असं सांगणारी तयार यादी इथे उपयोगाची नाही. भीती, लाज, राग, एकटेपणा, हुरूप यांपैकी जो शब्द वाचताच ‘हो, हेच’ वाटेल, तो स्वप्नाखाली लिहा.

आता मागचे दिवस चाळा. स्वप्नात आदल्या दिवसाचे तुकडे येतात, हे मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने नोंदवलं होतं. पुढे संशोधकांना असंही दिसलं, की पाच ते सात दिवसांपूर्वीचे प्रसंगही स्वप्नात डोकावतात. तेव्हा फक्त काल काय झालं ते न बघता आठवड्याचं कॅलेंडर उघडा. तीच भावना जागेपणी कुठे आली होती? कुणी तुमचं बोलणं मध्येच तोडलं होतं का?

माणसांकडे बघा. मेळावा, परिषद, मुलाखत अशा स्वप्नांत बहुतेकदा चार लोकांत आपली जागा काय, हाच प्रश्न असतो. स्वप्नातला बॉस खऱ्या बॉसबद्दलच असेल असं नाही. तुमचं मोजमाप करणारं कुणीही त्याचा चेहरा घेऊन येऊ शकतं. कधीच सोडलेली कंपनी पुन्हा दिसली, तर तिथे जसं वाटायचं तसं हल्ली कुठे वाटतंय ते तपासा.

स्लाइडवरची अक्षरं बदलणं, खोलीचा अचानक हॉल होणं यांचा फार कीस काढू नका. रेम झोपेत मेंदूच्या पुढच्या बाजूचे तर्क सांभाळणारे भाग मंदावलेले असतात, त्यामुळे असा गोंधळ होतोच.

अर्थ पडताळा. लावलेला अर्थ बरोबर असेल, तर त्यातून सहसा एखादं छोटं काम निघतं: तयारी वाढवणं, मदत मागणं, राहून गेलेलं बोलणं. पण सहकाऱ्याने दगा दिल्याचं स्वप्न हा त्याच्याविरुद्धचा पुरावा नव्हे. त्यावरून जाब विचारू नका, राजीनामाही देऊ नका.

तेच भीतीदायक स्वप्न परतपरत पडत असेल, तर दिवसा त्याचा शेवट बदलून लिहा: फाइल उघडली नाही, तरी तुम्ही तोंडी बोललात. हा नवा शेवट रोज काही मिनिटं डोळ्यांसमोर आणा. दुःस्वप्नांच्या उपचारात ही पद्धत वापरतात. एवढं करूनही आठवडेच्या आठवडे झोप मोडत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि ती वही सोबत न्या.